अंबादास ताटावर बसला नाही तेव्हा

ये गं, अशी बाहेर ये, माझ्याजवळ. उंबऱ्यात उभी राहून काय ऐकणार? तुझ्या मालकाला मोटरसायकलवरून पडून महिना होत आला, तो डोकं दुखतंय म्हणतोय, आणि तू त्याला बाम चोळत बसलीस होय? शिकलेली आहेस की तू. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. बरं, तोंड पाडू नको. मी काय केलं ते ऐक, मग तूच म्हणशील, ही बाई कुठल्या तोंडानं मला बोलते. आणि तुझ्यासारखी आणखी कुणी आसपास असेल, तर तिनंही ऐकावं.

माझा भाऊ दवाखान्यात आत खाटेवर होता आणि मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. डॉक्टर दार ढकलून बाहेर आले. त्यांच्या मागं ज्ञानू होता, माळशिरसकडचा, माझ्या भावाशी तंबूत लढणारा. त्याला आत बघून माझं डोकंच फिरलं. पण मी बोलायच्या आत डॉक्टर म्हणाले, "बाई, मी पहिल्याच दिवशी तुम्हाला विचारलं होतं, याच्या डोक्याला मार लागलाय का. तुम्ही नाही म्हणालात."

मी म्हणाले, "नाहीच लागला."

"लागलाय. हा सांगतोय, यानंच मारलाय."

मग ते माझ्याशेजारी बाकावर बसले. डॉक्टर शेजारी बसला की समजायचं, गोष्ट मोठी आहे. म्हणाले, "क्रॉनिक सबड्युरल हिमाटोमा असावा असं वाटतंय." मी म्हटलं, मला कळेल असं सांगा, तेव्हा फोड करून सांगितलं. क्रॉनिक म्हणजे जुना, हळूहळू वाढलेला. सबड्युरल म्हणजे मेंदूवरच्या जाड पडद्याखाली. हिमाटोमा म्हणजे साचलेलं रक्त. मार लागतो तेव्हा आत एखादी बारीक शीर तुटते. रक्त थेंबथेंब झिरपतं. माणूस हिंडतो, फिरतो, जेवतो, आणि आठवड्यांनी ते साचलेलं रक्त मेंदू दाबायला लागतं.

आता तुला अंबादास कोण ते सांगते.

अंबादास माझा धाकटा भाऊ. आमचं घर सोलापुरातल्या विणकर मागवाल्यांचं, घरात तेलुगू, बाहेर मराठी. बहात्तरच्या दुष्काळात माग बंद पडले. तेव्हा आमच्या गल्लीत रंगूनहून परत आलेले एक मामा राहायचे. तिकडची लाथाबुक्क्यांची लढत त्यांना यायची. त्यांनी पोरांना शिकवली आणि तंबू काढला. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत, मोडनिंबच्या बाजूला, जिथं माणसं जमतील तिथं हा तंबू उभा राहायचा. अंबादास त्यातला पहिला गडी. बोर्डावर त्याचं चित्र होतं, एक पाय आभाळात. चित्रात मिशा काढल्या होत्या, त्याला खऱ्या कधी फुटल्याच नाहीत. आम्ही चिडवायचो, चित्रातला गडी तुझ्यापेक्षा बरा आहे म्हणून.

विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन मी त्याला रोज बोलायचे, सोड हे. तो माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "अक्का, शप्पथ. डोक्याला कुणी हात लावत नाही. खांद्याला मारायचं, मांडीला मारायचं. मामांचा नियम आहे."

मी ती शपथ धरून बसले.

मामांचा आणखी एक नियम होता. लढत झाली की दोघांनी एका ताटात जेवायचं. हरलेल्यानं पहिला घास घ्यायचा. जेवण झालं की रिंगणातलं रिंगणात राहिलं, मनात काही ठेवायचं नाही. आणि रिंगणातलं घरी सांगायचं नाही. हे दोन्ही नियम ती पोरं देवाच्या नेमासारखे पाळायची. शेवटी घरी न सांगायचा नियमच आम्हाला भोवला.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी गड्डा झाला आणि नंतर थोड्या दिवसांनी अंबादासचं डोकं दुखायला लागलं. मी म्हटलं, ऊन लागलं असेल. मग तो दिवसा झोपायला लागला. झोपेतून उठवलं की विचारायचा, आज कुठला वार. डाव्या पायातली चप्पल वाटेत गळून पडायची आणि त्याला पत्ताच नसायचा. एक दिवस डाव्या हातातून पाण्याचा तांब्या पडला. मी ओरडले, "प्यायला लागलास का?" तो नुसता माझ्याकडं बघत राहिला. उत्तर द्यायलाही त्याला वेळ लागत होता. मला तो निर्लज्जपणा वाटला. त्या दुपारी मी त्याला जेवायला वाढलं नाही.

या खुणा नीट ध्यानात ठेव. डोकेदुखी, सारखी झोप, उत्तर द्यायला उशीर, एका बाजूचा हातपाय ढिला. पिलेल्यासारखं दिसतं. पिलेला नसतो.

उलट्या सुरू झाल्यावर आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, मलेरिया नाही निघाला. छातीचा फोटो काढला, साफ होता. डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं. डॉक्टर तरुण होते, कमी बोलायचे, पण विचारायचं ते विचारलं. धंदा काय? मी सांगितलं, लढतो. डोक्याला लागलंय का? मी ठासून सांगितलं, "नाही साहेब, डोक्याला मारत नाहीत, त्यांचा नियम आहे." जशी काय मी रिंगणाशेजारी उभी होते. खरं सांगते, मी त्याची एकही लढत बघितलेली नव्हती. बघवायचं नाही म्हणून गेलेच नाही कधी.

आणि याच दिवसांत ज्ञानू येत होता.

पहिल्यांदा आला तेव्हा दवाखान्याच्या फाटकाशी उभा होता. हातात फडक्यात बांधलेली भाकरी आणि शेंगाची चटणी. म्हणाला, "आक्का, मला अंबादासाला भेटायचंय. एक सांगायचं हाय."

मला वाटलं, पुढच्या जत्रेला न्यायला आलाय. मी म्हणाले, "तुमच्या तंबूचं कुणी आत येणार नाही. जिता आहे तोवर सोडा त्याला."

"तसं न्हाई ओ आक्का. निदान भाकर तरी द्या त्याला."

"आमच्या घरात भाकरी आहे."

दुसऱ्या दिवशी परत आला. मी चौकीदाराला सांगून ठेवलं होतं. तरी पायऱ्यांजवळ मला गाठलं. "लई म्हत्वाचं हाय," एवढंच म्हणाला. मी पदर सावरून पुढं निघून गेले. मागं वळून बघितलं तर तसाच उभा, भाकरी छातीशी धरून, रिंगणात मार खाल्ल्यासारखा. मला बरं वाटलं. हे सांगताना लाज वाटते, पण तेव्हा बरंच वाटलं होतं.

अंबादास हाक मारली तरी डोळे उघडेना, तेव्हा ज्ञानूनं माझी वाट बघणं सोडलं. डॉक्टर सायकल लावत होते तिथं जाऊन त्यांना अडवलं. त्यांना जे सांगितलं ते त्यानं मग बाकापाशी उभं राहून मलाही सांगितलं.

"गड्ड्यात लढत चालू हुती. मी खांद्याला लाथ टाकली. त्याचा पाय वाळूत घसरला, तो खाली आला, आन् लाथ कानशिलावर बसली. उजव्या. जरा वेळ त्याला काय सुदच नव्हती. मग उठला की. लोकांनी टाळ्या पिटल्या. मला वाटलं, झालं. पण आक्का, तो ताटावर बसला न्हाई. मळमळतंय म्हणला, भूक न्हाई म्हणला. अंबादास आन् भूक न्हाई? तवाच मला कळाया पायजे हुतं. मी एकटाच जेवलो."

आणि खाली बघून म्हणाला, "त्या दिसापास्नं ती भाकर माझ्या गळ्यात अडकलीया."

म्हणजे तो रोज भाकरी घेऊन येत होता ती याच्यासाठी. राहिलेलं जेवण पुरं करायला. आणि मी त्याला हाकलत होते. माझ्या भावाच्या डोक्यात रक्त साचत होतं, त्याचं कारण ज्याला ठाऊक होतं त्यालाच मी दारात अडवून धरलं होतं.

तेव्हा आतासारखं सीटी स्कॅन नव्हतं. अँजिओग्राम केला, म्हणजे मानेच्या रक्तवाहिनीत औषध सोडून डोक्याचे फोटो काढतात. उजव्या बाजूला, जिथं लाथ बसली तिथंच, सगळ्या रेघा आत ढकललेल्या दिसल्या. डॉक्टर म्हणाले, "बर होल करावं लागेल." कवटीला बारीक भोक पाडून रक्त बाहेर काढायचं. मी विचारलं, वाचेल का? ते म्हणाले, "आधी आला असता तर मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. आता प्रयत्न करतो."

आधी. तो शब्द अजून माझ्या कानात आहे.

ऑपरेशन चालू असताना बाकाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ज्ञानू. दोघंही रडत नव्हतो. तो म्हणाला, "आक्का, मारलं मी." मी म्हणाले, "अडवलं मी." कुणाचं जास्त, हे कुणी ठरवायचं?

डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, मागाला घालतात ना, तसं काळं तेलच निघालं जणू. सोलापुरात राहून त्यांनाही मागाचं तेल माहीत झालं होतं. माझ्या तोंडून विचित्र हसू निघालं आणि मग मात्र रडू आवरलं नाही.

अंबादासनं डोळे उघडले, पाणी मागितलं नाही, मला ओळखल्याची खूण केली नाही. जीभ जड होती. हळूहळू म्हणाला, "ज्ञानू अन्नम् तिन्नाडा?" म्हणजे, ज्ञानू जेवला का.

मी बाहेर गेले आणि ज्ञानूला हात धरून आत आणलं.

डॉक्टरांनी पातळ खायची परवानगी दिली त्या दिवशी मी घरून मऊ भात आणि वरण नेलं, आणि एकच ताट नेलं. ज्ञानू खाटेच्या कडेला बसला. त्याचा हात ताटाकडं जाईना. अंबादास म्हणाला, "जेव की. माझी लाथ बसली तेव्हा तर भाकरीला भाकरी लावून खाल्लीस." ज्ञानू म्हणाला, "तुझी लाथ कसली रं, डास चावल्यागत." मग दोघं हसले आणि ज्ञानू हसता हसता रडायला लागला. नियम हरलेल्यानं पहिला घास घ्यायचा. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. कोण हरलं? मी खाली वाकले आणि पहिला घास मी घेतला. ज्ञानूनं ताट माझ्याकडं सरकवलं.

अंबादास वाचला. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी कायमची बधिर राहिली. डॉक्टरांनी बजावलं, डोक्याला पुन्हा मार नको, लढत संपली. मला आतून आनंद झाला. त्यानं मात्र भिंतीकडं तोंड केलं. त्या आनंदाचंही मला वाईट वाटतं. त्याचं आयुष्य त्या रिंगणात होतं, आणि मी ते कधी बघायलाही गेले नव्हते. नंतर तो मागावर बसला. सूत ओढणारा धोटा हातातून सुटला की बोटांकडं बघतो आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं उठते.

एका ताटात जेवल्यावर मनात काही राहत नाही, असं मामा म्हणायचे. त्या दोघांचं नाही राहिलं. माझं राहिलंय, आणि ते राहू दे. त्यामुळंच तर आज तुझ्या दारापर्यंत आले मी. दवाखान्यात कुणी दारात उभं राहून "सांगायचंय" म्हणालं, तर आधी ऐक, मग राग धर. आणि डॉक्टरांनी विचारलं तर जे बघितलं तेवढंच सांग. जे बघितलं नाही त्याची शपथ घेऊ नको.

आता तो बाम ठेव बाजूला आणि मालकाला आजच डॉक्टरांकडं ने. त्याला बरं वाटलं की दोघं आमच्याकडं या. ज्ञानू दर गड्ड्याला माळशिरसहून येतो, भाकरी आणि चटणी बांधून. अंबादास त्याची वाट बघत ताट मांडून बसतो. तुम्हीही या, लवकर या. आमच्या घरी ताट एकच असतं, मांडीला मांडी लावून बसावं लागेल.