तू बस, मी करते

माझी लेक कोरीन गेली त्याला येत्या डिसेंबरात सहा वर्षं होतील. आमच्या झेन्सव्हिल गावातल्या माझ्या ओळखीच्या बायका अजून मला दुकानात गाठून सांगतात, "तिच्यासाठी तू सगळं केलंस गं." मी मान हलवते आणि बटाटे निवडत राहते. सगळं केलं, हेच तर चुकलं.

कोरीन वृद्धाश्रमात कामाला होती. म्हाताऱ्यांना उचलून उचलून छत्तिसाव्या वर्षी तिची पाठ गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दुखणं थांबलं, गोळ्या थांबल्या नाहीत. पुढची कहाणी घरोघरी सारखीच असते, म्हणून सांगत नाही. माझ्या आईची अंगठी गेली, एवढंच सांगते. शेवटी ती आपणहून इस्पितळात दाखल झाली. तिथून सुटल्यावर मात्र माझ्याकडे न येता लिंडन रस्त्यावरच्या त्या घरात राहायला गेली.

तिथे सात बायका, सगळ्या नशेतून बाहेर पडलेल्या. वर कुणी साहेब नाही की नर्स नाही. भाडं त्याच भरायच्या, नियमही त्यांचेच. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन मैलांवर आईचं घर, त्यात हिची खोली जशीच्या तशी, आणि ही परक्या बायकांबरोबर राहणार!

"लोक काय म्हणतील?" मी विचारलं.

"लोकांचं म्हणून झालंय, आई," ती म्हणाली.

ओडेटा नावाची शाळेची बस चालवणारी बाई त्या घरात सगळ्यांत जुनी. अकरा वर्षं कशाला शिवली नव्हती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागदी ताटली टाचणीने अडकवलेली दिसली. तिच्या कडेने सात नावं, भोवती भिंतीवर सात कामं. दर रविवारी ताटली एक घर पुढे सरकवायची. त्या आठवड्यात कोरीनच्या नावासमोर बाथरूम आलं होतं. बया गुडघ्यांवर बसून फरशी घासत होती. मी ब्रश तिच्या हातातून काढून घेतला.

"तू बस, मी करते. पाठ दुखेल."

मागून ओडेटा म्हणाली, "पिक्रेलबाई, ब्रश तिचा तिला द्या."

"माझी मुलगी आहे ती!"

"मुलगी तुमची, बाई. बाथरूम तिचं."

सगळ्या खो खो हसल्या. कोरीनही हसली. मला तो माझा अपमान वाटला. पोरीचं हसू मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं, हे मला तेव्हा सुचलं नाही आणि घरी पोचल्यावरही सुचलं नाही.

दाराशी एक वही असायची. कोण कुठे, कधी परत येणार, सगळं त्यात लिहायचं. परत आलं की कुणी ना कुणी विचारायचंच: कुठे होतीस, जेवलीस का, डोळे का लाल? शंका आली तर लघवी तपासायची. मी म्हटलं, "घर आहे की तुरुंग?" कोरीन म्हणाली, "तुरुंगात कुणी आपल्यासाठी जेवायचं थांबतं का?" मी विषय बदलला.

चार महिने झाल्यावर, नोव्हेंबरअखेरीस थँक्सगिव्हिंगच्या सणाला तिला माझ्याकडे राहायची परवानगी मिळाली. रविवारी संध्याकाळी सहाला त्या घरच्या आठवड्याच्या बैठकीला परत हजर. मी टर्की भाजली, भोपळ्याची गोड पाई केली, दुसऱ्या दिवशी उरलेल्या टर्कीच्या नूडल्स करून कुस्करलेल्या बटाट्यावर वाढल्या. ती भांडी घासायला उठली. "तू बस, मी करते." पलंग आवरायला लागली. "राहू दे गं, मी करते." शनिवारपर्यंत तिला सोफ्यावर बसून टीव्ही बघण्याखेरीज काम उरलं नाही. मला वाटलं, आता कशी माझी लेक घरी आल्यासारखी दिसते!

रविवारी बर्फ भुरभुरत होतं. ती बॅग घेऊन दाराशी उभी राहिली.

"दोन दिवस राहा अजून. किती थकलीस."

"सहाला पोचायचंय, आई."

"मी सांगते त्यांना. तू बस."

मी फोन लावला आणि ओडेटाला सांगितलं, कोरीनला ताप आलाय. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. कोरीन माझ्याकडे बघत राहिली, मग तिने बॅग खाली ठेवली. ती बॅग खाली टेकलेली बघून मला आनंद झाला. देवा, आनंद झाला मला.

तिच्या मोबाइलमधली मिनिटं संपून तो बंद पडला होता, म्हणून ओडेटा माझ्या फोनवर विचारायची. सोमवारी मी सांगितलं, झोपलीय. मंगळवारी सांगितलं, झोपलीय. बुधवारी कोरीन म्हणाली, "उद्या जाते. ताप नव्हता हे मीच सांगून टाकते. ओरडतील, पण घेतील."

मी म्हटलं, "तुझी खाट केव्हाच दुसरीला दिली असेल. रांग असते म्हणाली होतीस ना? कशाला तोंड पाडून परत यायचं?"

"त्यांना विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं?"

तिने विश्वास ठेवला. लहानपणापासून ठेवत आली होती.

मग ती तासतासभर बाहेर जायला लागली. मी विचारत नव्हते कुठे जातेस. न विचारणं म्हणजे माया, असं मी धरून चालले होते. तिचे डोळे बदलले तेव्हा मी माझ्या डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. एकोणीस डिसेंबरला सकाळी ती बाथरूममध्ये सापडली, आदल्या दिवशी मीच घासलेल्या फरशीवर. डॉक्टर म्हणाले, चार महिन्यांत शरीराची सवय मोडली होती. तिने गोळ्या मात्र जुन्याच मापाने घेतल्या.

दफनाला लिंडन रस्त्यावरच्या त्या सगळ्या आल्या, एका ओळीत उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

फेब्रुवारीत तिच्या कोटाच्या खिशात त्यांच्या घराची किल्ली सापडली. ती द्यायला गेले. ओडेटाने कॉफी केली. सिंकमध्ये बश्या पडल्या होत्या; मी सवयीने उठले, तर तिने माझा हात धरून मला खाली बसवलं. मनाला बरं वाटावं म्हणून मी विचारलं, "तिची खाट त्याच रविवारी दिली असेल ना तुम्ही?"

तिने दाराजवळची वही आणून माझ्यासमोर उघडली.

रविवार: कोरीन आईकडे, ताप. सोमवार: कोरीन आईकडे, ताप. रोज एकेकीने लिहिलेलं. पुढच्या सोमवारपर्यंत नऊ ओळी होत्या, सहा जणींच्या अक्षरात, आणि नवव्या ओळीतही माझंच खोटं. मी बोटाने बुधवार शोधला. तिथे कुणीतरी निळ्या शाईने जरा जास्त लिहिलं होतं: कोरीन आईकडे, ताप. चादर धुतली. खाट तिचीच.