शेकलेला पाय

आमच्या मालकांचा डावा पाय हिवाळ्यात गार पडायला लागला. साखरेचा आजार जुनाच होता, पण जन्मभर शिंपीकाम करून, शिलाई मशीन चालवून पाय आखडला असेल, असं मला वाटलं. रोज संध्याकाळी मी तव्यावर मीठ तापवून फडक्यात बांधायची आणि टाच शेकायची. "बरं वाटून राहिलं का?" विचारलं की ते म्हणायचे, "लई बरं." मग मी पुरचुंडी आणखी थोडा वेळ दाबून धरायची.

एक दिवस टाचेला फोड आला. फुटला, आणि जखम काळी पडत गेली. आमच्या जवळा बाजारहून जीपमध्ये आडवं घालून त्यांना नांदेडला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पायाच्या रक्तवाहिन्या बंद झाल्यात, उघडण्यासारख्या राहिल्या नाहीत. परवा पाय काढावा लागेल, नाहीतर जीव जाईल.

परक्या माणसाशी बोलायचं मला होत नाही. पण त्या दिवशी मी डॉक्टरांच्या मागोमाग व्हरांड्यात गेले.

"नव्या न्हाई का फुटत, रक्ताच्या वाहिन्या?"

ते थांबले. "प्रयोग चालू आहेत, मावशी. डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक कण असतात. रक्त पोचत नाही तिथं ते सोडतात. मग हळूहळू नव्या वाहिन्या फुटतात. उंदरांच्या पायात तसं झालंय."

"मंग यांना काहून न्हाई?"

"माणसाला द्यायला अजून वेळ आहे. किती वर्षं, ते सांगता येत नाही."

"आमाला परवापर्यंतच पायजे," मी म्हणाले.

मी मालकांना सगळं सांगितलं. डॉक्टर पट्टी बघायला आले तेव्हा मालक म्हणाले, "साहेब, कागदावर मला उंदीर म्हणून लिहा की."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "टाच भाजली कशानं?"

मी शेकाचं सांगितलं.

"आणि तुम्हाला चटका लागला नाही?"

"त्या पायाला गार का गरम, काईच कळत न्हाई," मालक म्हणाले. "ही दिवसभर राबून मीठ तापवायची. म्हणून बरं म्हणत गेलो."

मला तिथं उभं राहवेना. आणि जायला दुसरी जागाही नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी कागदावर सही केली. डॉक्टरांनी गुडघ्याखाली पेनानं रेघ ओढली.

"मार्जिन धरा, साहेब," मालक म्हणाले. "एकदा कापलं की वाढवता येत न्हाई."

मी पुढं झाले. "रेघ थोडी खाली घ्या ना. चार बोटं तरी."

"तिथं रक्त नाही, मावशी. टाके धरणार नाहीत."

मालकांनी मान डोलावली. टाका कुठं धरतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. "सरक बाजूला," ते मला म्हणाले. "त्यांना त्यांचं काम करू दे."