आत्याच्या रबर प्लांटची चकाकी

आमच्या नर्सरीत आठवड्यातून दोन-चार जण तरी हा प्रश्न घेऊन येतातच, "हवा शुद्ध करणारं झाड आहे का हो?" आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी नर्सरी चालवते, झाडं विकते, तेव्हा मला खरं तर आनंद व्हायला हवा. पण विचारणाऱ्याकडे बघून मला कळतं, की याच्या घरात कोणीतरी सिगारेट ओढतंय, नाहीतर भिंतीला बुरशी आलीय. ते निस्तरायची कटकट नकोय, म्हणून हे सगळं काम त्याला कोपऱ्यातल्या कुंडीकडून करून घ्यायचंय. मी तोंडावर सांगते. झाडं हवा शुद्ध करतात हे दाखवणारे प्रयोग झाले ते बंद पेटीत. घरात तसा फरक पडायचा तर खोलीत इतकी झाडं लावावी लागतील की तुम्हाला उभं राहायला जागा उरणार नाही. झाड घ्या, छान दिसतं, पण आधी खिडकी उघडा. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून निघून जातं. जाऊ दे.

हा राग मला आत्याने दिला.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. फर्निचर पॉलिश करते. नवऱ्यामागे त्याची स्प्रे गन तिने हातात घेतली, तेव्हा सुतारांनी खूप दात काढले होते. "बाईमाणूस काय पॉलिश मारणार?" मग तिने एका जेवणाच्या टेबलाला असा हात मारला, की हसणाऱ्यांपैकी एकाने त्यात बघून केस नीट केले. त्या दिवसापासून कोणी हसलं नाही. नाकावर माशी बसू देत नाही ती, आणि टेबलावर धुळीचा कण. "हात फिरव," म्हणते, "कण लागला तर नाव बदलीन."

कण लागू नये म्हणून खिडकी बंद. ओल्या पॉलिशवर धूळ बसली की ती तिथेच चिकटते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून पुढच्या खोलीच्या खिडकीवर तिने फळी ठोकली होती, फटींना टेप लावली होती. काम सुरू करायच्या आधी फरशीवर पाणी शिंपडायची, नाकाला ओला रुमाल बांधायची आणि दार ओढून घ्यायची. त्या दारापलीकडे घर होतं. घरात तिचा मुलगा, सून आणि नात.

नातीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी बसायचीच नाही. जेवतानाही ताटाभोवती गिरकी घ्यायची. तीच भिंगरी गेल्या वर्षापासून बसायला लागली. खेळता खेळता थांबायची, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायची आणि छाती भात्यासारखी वरखाली करत राहायची. पोरीच्या छातीतून बारीक शीळ ऐकू यायची.

वहिनी, म्हणजे आत्याची सून, म्हणाली, "आई, खिडकी उघडून काम करा ना. नाहीतर कुठे बाहेर जागा बघा."

"बाहेर? धुळीत? माझ्या कामाला काही किंमत आहे का नाही?"

माझा भाऊ, म्हणजे आत्याचा मुलगा, मूग गिळून बसला. लाकूड घासायचं काम तो करायचा, आणि आई-बायकोच्या भांडणात तर जास्तच मन लावून घासायचा. त्याचाही मला राग आहे, तो वेगळा.

मग आत्या माझ्याकडे आली. कुठल्यातरी गिऱ्हाइकाने तिला सांगितलं होतं की काही झाडं पॉलिशचा वास शोषून घेतात.

"तसलं दे," म्हणाली. "आणि मोठं दे."

मी समजावलं. सांगितलं, झाडाने हे व्हायचं नाही. ती ऐकेना. तेव्हा म्हटलं, बरं, न्यायचंच तर स्नेक प्लांट ने, अंधारातही तग धरतं. पीस लिली नको, घरात पोर आहे, पान चावलं तर तोंडाची आग होईल. स्पायडर प्लांट चालेल. पण आत्याची नजर रबर प्लांटवर. जाड, रुंद, काळपट हिरवी पानं.

"हे. बघ की केवढं पान आहे! एवढंसं पान काय वास ओढणार?"

"आत्या, ते काय पंखा आहे का? आणि याला उजेड लागतो. चीक निघतो त्यातून, तोही पोराच्या तोंडात जाऊ द्यायचा नाही."

"तू विकायला बसलीयस का परत पाठवायला?"

नेली. एक नाही, रांगच लावली तिने, पुढच्या खोलीत, घरात जाणाऱ्या दारापाशी. वास तिथेच अडेल म्हणे. रोज काम संपलं की ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची. पाहुण्यांना दाखवायची, "बघा कशी चकाकतात. घर मानवलंय त्यांना." आणि सुनेने खिडकीचं नाव काढलं की म्हणायची, "झाडं आणलीत ना! अजून काय जीव देऊ?"

भिंगरीची शीळ चालूच होती. हे मला माहीत होतं, आत्याला माहीत होतं, सगळ्या घराला माहीत होतं. पण दाराशी झाडं उभी होती ना, म्हणजे काहीतरी चाललंय असं सगळ्यांना वाटायचं. मला त्या झाडांचाच संताप यायचा. आणि संताप आला की मी काय करायचे? गप्प घरी यायचे.

शेवटी एका पहाटे पोरीला श्वास घेता येईना. ओठ निळसर पडले. दवाखान्यात नळी लावून औषधाची वाफ दिली, तेव्हा कुठे छाती मोकळी झाली. डॉक्टर म्हणाले, या वासाच्या घरात हिला परत झोपवू नका. वहिनी घरी आली ती पिशवी भरायलाच.

आणि आत्या? ती आली माझ्याकडे. सकाळीच, कडेवर रबर प्लांटची कुंडी घेऊन, पोर घ्यावं तशी. कुंडी माझ्या टेबलावर आदळली.

"याच्यापेक्षा जालीम दे!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जालीम? आत्या, पोरगी मरता मरता वाचली आणि तू झाड बदलून मागतेस?"

"मग काय करू? झाडात खोट असती तर सुकलं असतं. बघ की, कसं तजेलदार आहे!"

"खिडकी उघडायची! एवढंच करायचं होतं! तुला टेबल प्यारं आहे, पोर नाही!"

बोलून गेले. आत्याचा चेहरा पांढरा पडला. तिच्याकडे बघवेना म्हणून मी त्या झाडाकडे बघितलं, पान हातात घेतलं. आणि हात थबकला. पान चकाकत होतं खरं, पण बोटाला झाडाचं पान लागत नव्हतं. प्लास्टिकसारखं काहीतरी लागत होतं. मी नख लावलं. कडेला एक पापुद्रा सुटला. धरून ओढला, तर दुधावरची साय निघावी तसा अख्खा पातळ पडदा निघून आला, पानाच्या शिरांसकट उमटलेला. खालचं पान पिवळं आणि लुळं पडलेलं.

आत्याने तो पापुद्रा माझ्या हातातून घेतला. उजेडात धरला. दोन बोटांत वाकवून बघितला, टेबल बघते तसा. मी काही बोलायच्या आत तिनेच सांगितलं.

"दोन हात बसलेत. वर एक हलका." मग म्हणाली, "माझंच पॉलिश आहे. गनमधून उडून बसलेलं."

जगातली कुठलीही चकाकी ओळखणारी बाई. कुठल्या लाकडावर काय मारलंय, कोणी मारलंय, हे दारातून सांगणारी. आणि रोज फडक्याने पुसत होती, तरी हे ओळखलं नाही तिने. मी तिला आणखी काहीतरी बोलणार होते. पण तिने तो पापुद्रा तसाच उजेडात धरला होता आणि विचारलं, "हे पानावरून निघतं. पोरीच्या आतून कसं काढायचं?"

मी टेबलावरची कुंडी उचलून खाली ठेवली.

ती तडक घरी गेली. मीही मागून. पुढच्या खोलीत रात्री पॉलिश मारलेलं टेबल अजून ओलं होतं, आरशासारखं. आत्याने पकडीने फळीचे खिळे उपसले आणि खिडकी सताड उघडली. रस्त्यावरची धूळ आत आली, टेबलावर बसली. भाऊ पहिल्यांदा बोलला, "आई, टेबल!" आत्याने त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा गप्प झाला.

वहिनी मात्र थांबली नाही. पोरीला कडेवर घेतलं आणि उंबऱ्यात म्हणाली, "आई, हे तुम्ही वर्षभर आधी करायला हवं होतं." आणि माहेरी गेली. बरोबर केलं तिने. आत्याही तेच म्हणाली, पण भिंतीकडे तोंड करून.

आता आत्या माझ्या नर्सरीच्या मागच्या अंगणात काम करते, चारी बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडखाली, तोंडाला वास गाळणारा डबीवाला मास्क लावून. धूळ बसते, किडे चिकटतात, आणि तिच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असतो. वाऱ्याला शिव्या, किड्यांना शिव्या, मला तर जास्तच. कण दिसला की घासते, पुन्हा मारते, पुन्हा कण. आरसा काही होत नाही. जुनी गिऱ्हाइकं नाकं मुरडतात.

घरातला वास गेला, तेव्हा वहिनी परत आली. औषध अजून चालू आहे. परवा तिने भिंगरीला नर्सरीत आणलं. आत्या एका मोठ्या टेबलावर शेवटचा हात मारत होती. तो मधे थांबवायचा नसतो, थांबवला तर जोड दिसतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. एकदा दारात पाहुणे आले तरी तिने मान वर केली नव्हती. भिंगरी वहिनीचा हात सोडून "आजी!" करत शेडकडे धावली.

आत्याने गन खाली टाकली. मास्क ओढून काढला आणि ओरडली, "लांब! जा तिकडे! पाऊल टाकशील तर तंगडी मोडीन!" नातीवर ती पहिल्यांदाच ओरडली होती. पोर दचकली, रडली, आणि मग पार त्या टोकाला, कुंड्यांच्या पलीकडे पळाली. पळताना धापा टाकल्या नाहीत तिने. आत्या तिथेच उभी राहिली, कान देऊन. टेबल वाळून गेलं.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. टेबलाभोवती फिरलं, वाकून बघितलं आणि मधोमध बोट ठेवलं.

"बाई, इथे जोड दिसतोय."

आत्याने हात पुसला. टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही.

"दिसतोय ना?" ती म्हणाली. "मग दिसू दे."