पुस्तकाविना दिलेली चिठ्ठी

चिठ्ठीकाकूंचं खरं नाव हवं असेल तर वाचनालयाच्या हजेरीपुस्तकात बघावं लागेल. मुलांना त्याची कधी गरज पडली नाही. सव्वीस वर्षं त्या मुलांच्या विभागात बसल्या आणि सव्वीस वर्षं मुलांसाठी एकच शब्द लिहीत आल्या: 'वाच'.

पद्धत साधी होती, पण त्यांच्याशिवाय कुणाला जमली नसती. नव्या पुस्तकांचं खोकं आलं की काकू एकेक पुस्तक घेऊन खिडकीजवळच्या स्टुलावर बसायच्या आणि वाचायच्या. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकही पान न गाळता. आवडलं तर हिरव्या शाईनं छोट्या चिठ्ठीवर 'वाच' लिहायचं आणि ती मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवायची. त्यांच्या 'च'ची शेपटी अशी लांब निघायची की मुलं तिला मांजराची शेपटी म्हणत. नाही आवडलं, तर चिठ्ठी नाही. 'सुंदर', 'उत्कृष्ट', 'अवश्य' असलं काही त्या लिहीत नसत. "ते विकणाऱ्याचे शब्द," म्हणायच्या. "मी कुठे दुकान टाकलंय?"

आणि नाकारण्यात तर बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं! पानोपानी "खोटं बोलू नये" म्हणणारा ससा आला, की म्हणायच्या, "या सशाला दुसरा कामधंदा नाही का?" मुलांना बावळट समजून लिहिलेलं पुस्तक हाती आलं की तर त्यांना अंगावर झुरळ पडल्यासारखं व्हायचं. मिसरूड फुटायला लागलेल्या पोरांसाठी त्या सुट्टीच्या दिवशी जुन्या पुस्तकांच्या दुकानात धूळ खात फिरायच्या, कारण त्या वयाचं चांगलं पुस्तक मिळणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. मुलंही तयार झाली होती. पुस्तक हातात घेतलं की आधी मागचा पुठ्ठा उघडायची. चिठ्ठी दिसली की प्रश्न मिटला.

या सगळ्यात मोठी झाली ती काकूंची भाची. बहिणीची नोकरी दुपारची, त्यामुळे पोर शाळा सुटली की थेट वाचनालयात. काकूंना स्वतःचं मूल नव्हतं, ही पोर म्हणजे त्यांच्या गळ्यातला ताईत. पहिली चिठ्ठी तिच्यासाठीच लिहिली गेली होती. दोन वर्षांपूर्वी भाचीला मुलांची पुस्तकं छापणाऱ्या कचेरीत नोकरी लागली, तेव्हा ती कामावर रुजू होण्याआधी मावशीकडे आली आणि गळ्यात पडून म्हणाली, "मावशी, मला एक चिठ्ठी दे ना. नुसतीच, पुस्तकाविना. टेबलावर लावीन. तू समोर आहेस असं वाटेल."

काकूंचे डोळे भरून आले. पुस्तक संपवल्याशिवाय त्यांनी कधी टोपण उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. माणूस कुठे चुकतं बघा, जिथे माया असते तिथेच.

शिंप्याची मुलगी तेरा वर्षांची, अंगानं भरलेली, हसली की गालांत डोळे बुडणारी. आठवड्याला दोन पुस्तकांचा फडशा. यंदा एका दुपारी ती वाचनालयात आली, पण हसली नाही. टेबलावर एक कोरं करकरीत पुस्तक ठेवून म्हणाली, "काकू, हे बाबांनी विकत आणलं. आमच्या घरातलं पहिलं विकतचं पुस्तक. म्हणाले, काकूंची चिठ्ठी आहे, डोळे मिटून घेतलं."

काकूंनी पाहिलं. वेष्टनावर, अगदी वरच्या कोपऱ्यात, गोल स्टिकर. हिरवी शाई, 'वाच', मांजराची शेपटी. खाली छापलेलं: 'चिठ्ठीकाकूंची निवड'. हे पुस्तक त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"आवडलं का?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला कळलं नसेल, असं वाटलं." पोर टेबलाच्या कडेला नख घासत होती. "काकू, तुम्ही ही चिठ्ठी माझ्यासाठी लिहिलीत का? मी जाडी आहे म्हणून?"

काकू म्हणाल्या, "उद्या ये." आणि पुस्तक घेऊन स्टुलावर बसल्या. काहीही झालं तरी वाचल्याशिवाय बोलायचं नाही, ही मोडू म्हटलं तरी न मोडणारी सवय. गोष्ट अशी: एक जाडी मुलगी असते. वर्गातले तिला 'पोतं' म्हणतात. ती सुट्टीभर जेवण टाकते, बारीक होते, आणि शेवटच्या पानावर तीच पोरं तिच्याभोवती गोळा होतात. झालं, संपलं पुस्तक! ज्यानं लिहिलं त्याला समोर उभं करून चार शब्द सुनवावेत असं कुणालाही वाटेल. काकूंना मात्र त्या लिहिणाऱ्याचा विचारही सुचला नाही. त्यांना ती चिठ्ठी दिसत होती.

संध्याकाळी घरी जाताना त्या शिंप्याच्या दुकानावरून गेल्या. शिंपी मशीन थांबवून उठला. "काकू, पोरीला काही सांगा हो. डबा तसाच परत आणते. आणि नवा फ्रॉक शिवायला घेतला तर म्हणते, बाबा, या वेळी माया ठेवू नका."

शिंपी लोक शिवणीच्या आत चार बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवतात. पोर वाढली की उसवून सोडता येतं. त्याला ते माया म्हणतात.

"मी म्हटलं, अगं, माया ठेवल्याशिवाय मी कुणाचं शिवत नाही, तुझं कसं शिवू? तर रडायला लागली. शेवटी ऐकावं लागलं." मग त्यानं घाबरत घाबरत विचारलं, "पुस्तक चांगलंच असेल ना? तुमची चिठ्ठी होती."

काकूंना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. सव्वीस वर्षांत आजाराशिवाय टाकलेली पहिली रजा. भाचीची कचेरी तिसऱ्या मजल्यावर. दाराशी खोकी रचलेली, भिंतीवर रंगीत वेष्टनं, आणि भाचीच्या टेबलावर चौकटीत ती चिठ्ठी. शब्दाला जागली होती म्हणायची! शेजारी मात्र गोल स्टिकरांची गुंडाळी पडली होती, एकसारख्या शेपटीच्या शेकडो 'वाच'ची.

"मावशी! आधी कळवायचंस ना!" भाची उठून बिलगली. पाणी आणलं. काकूंनी पेल्याला हात लावला नाही. पुस्तक समोर ठेवलं.

"हे काय आहे?"

"अगं, तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता! बघ ना, सगळीकडे तुझं अक्षर. मुलं उचलतात, आईबाप विचारतसुद्धा नाहीत."

"मी हे वाचलेलं नाही."

"मावशी, वर्षाला एवढी पुस्तकं निघतात, तू कुठे कुठे पुरणार?"

"माझी चिठ्ठी चोरलीस तू."

"चोरली?" भाचीचा चेहरा खरोखर दुखावला. "तूच लिहून दिलीस. माझ्यासमोर."

"तुला दिली होती. पुस्तकाविना."

"तेच तर," भाची म्हणाली, अगदी समजावणीच्या सुरात. "पुस्तकाविना होती, म्हणून कुठल्याही पुस्तकाला चालते."

कुंपणानं शेत खाल्लं असं आपण सहज म्हणतो. ज्याचं शेत असतं त्याला विचारा. काकूंनी मग एक प्रश्न विचारला, आणि विचारला नसता तर बरं झालं असतं.

"तू तरी वाचलंस का हे?"

"मी?" भाची हसली, लहानपणी हसायची तशीच. "मावशी, मी कधी पुस्तकं वाचलीयत? मी चिठ्ठ्या गोळा करायचे. पुस्तक घरी न्यायचं, चिठ्ठी हळूच सोडवून घ्यायची, पुस्तक परत. डबाभर आहेत माझ्याकडे. तू विचारायचीस, कसं होतं, मी म्हणायचे, छान. तू एवढी खूश व्हायचीस!"

दहा वर्षं दुपारी शेजारी बसलेलं ते लेकरू. काकू रागावल्या होत्या, ओरडायला आल्या होत्या; त्यांनी नुसतं पुस्तक उचलून पिशवीत टाकलं. ज्यांना वाचायला शिकवलं असं त्या अभिमानानं सांगायच्या, त्यांतली ही पहिली. कुणी परक्यानं फसवलं असतं तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"काढून टाक त्या," जाताना त्या एवढंच म्हणाल्या.

"आता कशा काढू? दुकानात गेल्या सगळ्या," भाची म्हणाली. "रागावलीस? मावशी, पाणी तरी पी."

त्यानंतरचे आठ दिवस काकूंनी एकच काम केलं. कपाटागणिक पुस्तकं उतरवायची, मागचा पुठ्ठा उघडायचा, ओलं फडकं दाबून चिठ्ठी मऊ करायची आणि सोडवायची. वाचनालयाचे साहेब म्हणाले, "अहो, तुमच्या चिठ्ठ्या खऱ्या आहेत." काकू म्हणाल्या, "मुलांना काय माहीत, कुठली खरी?" जुन्या पुस्तकांत काही जागा आधीच रिकाम्या होत्या, कागद सुबकपणे सोललेला. त्या जागी त्यांचं फडकं क्षणभर थांबायचं.

नवव्या दिवशी शिंप्याची मुलगी आली. अंगातला नवा फ्रॉक काखेत आवळत होता, हात वर करून वरच्या फळीवरचं पुस्तक तिला काढता येईना. काकूंनी काढून दिलं. तिनं सवयीनं मागचा पुठ्ठा उघडला.

"चिठ्ठी नाही."

"यापुढे नाही." काकूंनी तिला बसवलं आणि सांगून टाकलं. "ते पुस्तक मी वाचलं नव्हतं. वाचलं असतं तर तुझ्या हातात पडू दिलं नसतं. वाईट आहे ते, आणि खोटं आहे. तू आहेस तशी चांगली आहेस. डबा खा."

"मग चिठ्ठी कुणी लिहिली होती?"

खोटं बोलायची सोय होती. "माझ्या भाचीनं" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"मीच," काकू म्हणाल्या.

"न वाचता?"

"न वाचता."

पोरीनं आधी हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं, मग काकूंकडे. तागडी खोटी नाही ना, अशा शंकेनं वाण्याकडे बघावं तसं.

"आणि हे? हे शेवटपर्यंत वाचलंय?"

"वाचलंय. चार वेळा."

"आईची शप्पथ?"

सव्वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. चिठ्ठीकाकूंनी गळ्याला चिमटा घेतला, लहान मुलं घेतात तसा, आणि म्हणाल्या, "आईची शप्पथ."

मुलीनं पुस्तक घेतलं. घरी मात्र नेलं नाही. तिथेच, काकूंच्या नजरेसमोर बसून, आधी दहा पानं वाचून पाहिली.