उलटा एन

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या मराठी मंडळींत चारुदत्त खासनीस यांना जुन्या चांदीतलं कळतं, असं सगळे मानत. धातुतज्ज्ञ म्हणून तेलकंपनीत नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर त्यांना नॉर्वे-डेन्मार्कच्या जुन्या चांदीच्या पेल्यांचा नाद लागला. लिलावांत घेतलेले काही पेले काचेच्या कपाटात होते. कुणी जेवायला आलं की ते बाहेर निघत. मग जेवण थंड होई आणि त्यांची पत्नी प्रतिमा मुकाट्यानं ते पुन्हा गरम करी.

एका रविवारी अशीच मंडळी जेवायला जमली असताना शेजारच्या, मूळच्या नॉर्वेजियन घराण्यातल्या इंगरबाई स्वतःचा पेला घेऊन आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. पेला झाकणाचा, सिंहाच्या पंजांवर उभा. आतल्या बाजूला वरून खाली छोट्या खुंट्यांची ओळ.

"मेजवानीत हा हातोहात फिरायचा," त्या सांगू लागल्या. "प्रत्येकानं एकेका खुंटीपर्यंतच प्यायचं. नॉर्वेतल्या बर्गनच्या सोनारानं तीनशे वर्षांपूर्वी घडवलाय. माझे वडील सांगायचे."

चारुदत्तांनी भिंग लावलं. बुडाशी सोनाराच्या नावाची आद्याक्षरं ठोकलेली होती, पण त्यातला एन आरशात दिसावा तसा उलटा. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"ही नक्कल आहे," ते म्हणाले. "प्रवाशांना विकायला अशा पुष्कळ करायचे. खरा सोनार स्वतःचं अक्षर उलटं कशाला ठोकेल?"

कुणीतरी हसलं.

"म्हणजे माझे वडील..." इंगरबाई बोलता बोलता थांबल्या.

"घरोघरी सांगतात अशा गोष्टी," असं म्हणून चारुदत्तांनी स्वतःचा पेला उचलला. इंगरबाईंनी आपला टॉवेलमध्ये गुंडाळला आणि जेवण होताच त्या घरी गेल्या.

पुढं दोनेक वर्षांनी चारुदत्त मिनियापोलिसला मुलीकडे, अनयाकडे गेले होते. तिनं त्यांना हौसेनं एका छोट्या म्युझियममध्ये नेलं. तिथं तसाच खुंट्यांचा पेला होता आणि शेजारी शिक्क्याचा मोठा फोटो. एन उलटा. खाली लिहिलं होतं, या बर्गनच्या सोनाराच्या ठशातला एन मुळातच उलटा कोरला गेला होता आणि त्यानं तो जन्मभर तसाच वापरला. त्याची खूण तीच.

"बाबा, आर यू ओके?" अनयानं विचारलं.

"एसी फार आहे गं इथं," ते म्हणाले. त्यांचे कान तापले होते.

परत आल्यावर इंगरबाई कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना दिसल्या की ते खिडकीतून मागं सरत. प्रतिमेच्या ते ध्यानात आलं. तिनं विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

"मग जाऊन सांगा ना त्यांना."

"काय तोंडानं जाऊ?"

"त्या दिवशी होतं त्याच."

ते गेले. बोलताना दोनदा अडखळले. इंगरबाईंनी शांतपणे ऐकलं.

"पेला गॅरेजमध्ये आहे," त्या म्हणाल्या. "रंगाचे ब्रश ठेवते त्यात." मग म्हणाल्या, "मला वडिलांचा फार राग आला होता रे, चारू. आयुष्यभर मी त्यांची ती गोष्ट वर्गातल्या मुलांना सांगितली होती. मागच्या उन्हाळ्यात मिनेसोटात त्यांच्या थडग्यावर नवा दगड बसवला. सगळे जमले, मी गेले नाही. माझा भाऊ आला होता. हिवाळ्यात तो वारला."

चारुदत्तांना मान वर करता येईना.

"वडिलांपेक्षा तुझ्यावर जास्त विश्वास ठेवला. ती चूक माझी," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं चारुदत्तांना वाटलं.

"पेला मी साफ करून देऊ?"

"नको. मी करीन."

पुढच्याच रविवारी चारुदत्तांनी तीच मंडळी जेवायला बोलावली. इंगरबाईंना बोलावलं होतं, पण त्या आल्या नाहीत. कपाट न उघडता चारुदत्तांनी उभं राहून झालेलं सांगितलं, थडग्याचं आणि भावाचंसुद्धा.

"जाऊ दे ना काका," मंडळींतला प्रसाद म्हणाला. "तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं."

"मला माहीत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं," चारुदत्त म्हणाले. "सगळे बघत होते म्हणून बोललो."

प्रतिमेनं पानं वाढायला घेतली.

इंगरबाई आता भेटल्या की उकाड्याबद्दल बोलतात, प्रतिमेची चौकशी करतात. पेल्याचा विषय त्या काढत नाहीत, आणि तो अजून गॅरेजमध्येच आहे का, हे विचारायची चारुदत्तांची हिंमत होत नाही.