आबांच्या डीपीवरचा पांढरा कोट

मी यावर लिहावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नांदेडच्या कॉलेजात बी.ए.ला मानसशास्त्र हा माझा एक विषय आहे, आणि घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. एवढ्या भांडवलावर मोबाइल आणि पोरांच्या मनाबद्दल बोलणं आगाऊपणाचं वाटेल, त्याबद्दल माफ करा. पण धाकट्या बहिणीचं जे पाहिलं, ते डोक्यातून जात नाही.

ती लातूरला होस्टेलवर राहून नीटची तयारी करते. तिथं मोबाइल फक्त रविवारी दुपारी मिळतो. बाकीच्या मुली आधी घरी फोन लावतात. हिनं फोन करणंच बंद केलं. आबा, म्हणजे आमचे वडील, गावाकडून, रेणापूरहून मला फोनवर म्हणाले, "रील बघू बघू पोरगी हातची चालली. जाऊन मावशीला सांग, तिला मोबाइल देऊच नका म्हणाव."

होस्टेलच्या मावशींना सांगण्याआधी मला एक बघायचं होतं: ती नेमकं बघते तरी काय?

रविवारी फाटकाजवळच्या बाकावर तिच्या शेजारी बसलो. ती वाळली होती. डोळे ओढलेले.

"आबांनी पाठवलं ना, मोबाइल बंद करायला?"

"हाव. पण आधी मलाबी दाखव की, काय बघून राहिलीस."

तिला हसू आलं. तिनं रील लावलं. तिच्याच वयाची पोरं टेबलावर घड्याळ ठेवून अभ्यास करताना दिसत होती. एक संपलं की दुसरं. कुणी पहाटे चारला उठलेलं, कुणी झोपलेलंच नाही.

"दादा, ह्यांना झोप येत न्हाई का रे?"

"तुला येते?"

"आधी यायची. आता पडलं की हीच दिसतात."

"मग बघतेस कशाला?"

तिनं खरंच विचार केला. "आपण किती मागं हाव, ते कळाया पाहिजे ना."

पुस्तकात या गोष्टीला नाव आहे. त्या बाकावर ते मला आठवलं नाही.

"आणि घरी फोन का करत न्हाईस?"

तिनं आबांचा नंबर उघडून स्क्रीन माझ्यापुढं धरली. मायला तोंड दिसल्याशिवाय बोलल्यासारखं वाटत नाही, म्हणून आमच्या घरचं बोलणं व्हिडिओ कॉलवरच चालतं. नंबराशेजारी आबांचा डीपी होता: पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि चेहरा तिचा. तिच्या वाढदिवसाला चुलत्यानं ॲपवर बनवून 'भावी डॉक्टर' लिहिलेला तो फोटो साऱ्या भावकीनं कौतुकानं स्टेटसला ठेवला होता. स्टेटस दुसऱ्या दिवशी गेले. आबांचा डीपी राहिला.

"फोन लावायला गेलं की ही बाई समोर येते," ती म्हणाली. "चाचणीत मार्क पडले न्हाईत, अन् हिला काय सांगू?"

मावशींकडे मी गेलोच नाही. तसाच एस.टी.नं रेणापूरला उतरलो. आबांना एकट्याला सांगायला जीभ रेटेना. शेवटी मायसमोरच बोललो. आबांनी खिशातला मोबाइल काढून तो फोटो बघितला.

"मी तर अभिमानानं ठेवला."

"तिला म्हाईत हाय, आबा."

"काढला तर लोक इचारतील, पोरीनं शिक्षण सोडलं का म्हणून."

"इचारू दे," माय चुलीकडूनच म्हणाली. "लेक बोलंना झाली, ते न्हाई कुणी इचारलं."

आबा उठून गोठ्याकडे गेले. मी नांदेडला परतलो. रोज त्यांचा डीपी उघडून बघायचो. कोट तसाच. मीही बहिणीसारखाच स्क्रीनला चिकटलो, हे लक्षात आल्यावर मोबाइल पेटीत ठेवून लायब्ररीत जाऊ लागलो.

पुढच्या रविवारी संध्याकाळी पेटी उघडली. आबांच्या डीपीवर आमची म्हैस होती, शिंगावर आबांचा अर्धा अंगठा आलेला. तेवढ्यात मायचाच फोन आला.

"दुपारी लेकीचा फोन आल्ता," ती म्हणाली. "मार्काचं आम्ही इचारलं न्हाई, तिनं सांगितलं न्हाई. म्हशीचंच इचारत बसली. मग म्हणली, माय, झोप येऊन राहिली, ठेवते."