दोन हळदीकुंकू आणि एकच काठ

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीच्या टोकाला महापालिकेची एक मोकळी जागा आहे. नकाशात ती उद्यान म्हणून राखून ठेवलेली. प्रत्यक्षात तिथे एक कडुनिंब आणि पुष्कळशी धूळ. पण चैत्रात तो निंब फुलला की संध्याकाळच्या हवेला कडूगोड, ओलसर वास येतो आणि गल्लीतल्या बायका आपापली सतरंजी घेऊन त्या वासात जाऊन बसतात. उन्हाळ्यात पापड तिथेच वाळतात, भोंडलाही तिथेच होतो. पलीकडच्या भिंतीआड टॉवेलचा कारखाना आहे. त्याच्या मागांचा खडखडाट इतका अंगवळणी पडलेला, की तो थांबला तरच आम्ही दचकून वर पाहतो.

कारखान्याच्या मालकांना ती जागा गोदामासाठी हवी होती. हे गुपित नव्हते. ते स्वतःच हसतमुखाने सांगत, "उद्यान काय वो, कागदावरच राहणार. गोदाम झालं तर चार हातांना काम तरी मिळेल." माणूस गोड होता आणि घाईत नव्हता. उद्यानाचे आरक्षण उठवायचे तर नगरसेवकाची साथ हवी, आणि निवडणूक जवळ आली होती.

आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला आणि दोन उमेदवार उभ्या राहणार हे नक्की झाले. आचारसंहिता अजून लागायची होती, संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. तेव्हा प्रचाराला हळदीकुंकवाहून सोयीचे निमित्त दुसरे कोणते? पहिलीने मंगल कार्यालयात बोलावले. गुलाबपाण्याचा शिडकावा, अत्तराचा थंड ठिपका मनगटावर, तिळाच्या हलव्याची काटेरी गोडी जिभेवर. आणि वाण म्हणून एक टॉवेल. जांभळ्या काठाचा, कोऱ्या खळीचा वास असलेला, तळव्याला किंचित खरखरीत. सोलापुरात टॉवेलचे कुणाला अप्रूप? तरी आम्ही तो आनंदाने घरी आणला.

त्याच आठवड्यात दुसरीचे हळदीकुंकू झाले. तिने मांडव घातला तो नेमका आमच्या कडुनिंबाखाली. कपाळाला कुंकू लागले, ओटीत वाण आले. मी वरचा कागद सोडला आणि तोच खळीचा वास नाकात शिरला. तीच खरखर, तोच जांभळा काठ.

माझ्या शेजारच्या अक्का, घरात तेलुगू आणि गल्लीत ठसठशीत मराठी बोलणाऱ्या, आपला टॉवेल दोन्ही हातांनी उंच धरून म्हणाल्या, "वहिनी, जोडी झाली की! आता नवराबायको दोघांनी आंघोळ करायला हरकत नाही."

मांडव हसला. मग हसू विरत गेले आणि माना हळूहळू भिंतीकडे वळल्या. त्या काठाचे टॉवेल कारखान्याच्या गच्चीवर वाळताना आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. मालकांनी दोघींनाही एकाच गठ्ठ्यातला माल पाठवला होता. काठ बदलण्याचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. निवडणुकीत कोणीही हरो, टॉवेल हरणार नव्हता.

"कुणी दिले हो हे?" अक्कांनी उमेदवार बाईंना विचारले.

"हितचिंतकांनी," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा खरोखरच गोंधळलेला होता. पहिल्या हळदीकुंकवाचे वाण त्यांना ठाऊक नसावे.

"मग आमचं हित पण चिंता की! ही जागा त्या हितचिंतकाला गेली तर आमी पापड कुटं वाळवायचे, तुमच्या डोक्यावर?"

बाई काही बोलण्याआधी कुणीतरी उखाण्याची हाक दिली आणि मांडवभर टाळ्या सुरू झाल्या. हळदीकुंकवात यजमानीण उखाण्याला नाही म्हणत नाही. त्यांनी विकासाचा एक पाठ केलेला उखाणा सुरू केला, तोच अक्कांनी थांबवले. "हा नको. हा सगळ्या प्रभागांत फिरलाय. आमच्या वहिनी कविता करतात. त्या सांगतील तो घ्या."

मी त्यांच्या कानाशी वाकले. मोगऱ्याचा गजरा, आणि त्याखाली घाबरलेल्या माणसाच्या घामाचा वास. घाईत हाताला लागले ते झिजलेले यमक मी पुटपुटले. मांडवाच्या कडेला त्यांचे यजमान हाताने जोरजोरात "नको, नको" करत होते. बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिले, पदर सावरला आणि माइक तोंडाशी नेला:

"कडुनिंबाच्या सावलीत बसतो सारा गाव,
जागा ही मोकळी ठेवीन, घेऊन …रावांचं नाव."

नाव इथे गाळले आहे. तिथे ते माइकवरून चांगले तीन गल्ल्या ऐकू गेले.

दुसऱ्या दिवशी पहिली उमेदवार न बोलावता आमच्या गल्लीत आली. रिक्षातून उतरली, चहाही न घेता कडुनिंबाखाली उभी राहिली आणि म्हणाली, "माझाही ऐका:

वाणात दिला टॉवेल, त्याचं मनी नको ओझं,
गोदाम इथं होणार नाही, …रावांसाक्षी वचन माझं."

तिचे यमक माझ्याहून सरस होते. मला क्षणभर असूया वाटली आणि मग इतके हसू आले की अक्कांनी पाठीवर थोपटले.

मांडववाल्या बाई निवडून आल्या. काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. "ताई, तुमच्या उखाण्यानं पंचाईत केली बघा. हितचिंतक पेढे घेऊन आले होते. म्हटलं, एवढ्या बायकांसमोर नवऱ्याचं नाव घेऊन बोललेय मी. आता शब्द फिरवला तर पहिल्यांदा त्यांचं नाव बुडेल, आणि ते तर आधीच रुसून बसलेत."

आरक्षण उठवण्याचा प्रस्ताव सभेत आला तेव्हा त्या विरोधात बोलल्या, आणि तो बारगळला. उद्यान अजून झालेले नाही; पण परवा गवंडी आला आणि निंबाखाली सिमेंटचा एक बाक घालू लागला. ओल्या सिमेंटचा गार, मातकट वास गल्लीभर पसरला. गवंडी थापी धुवायला नळावर गेला आणि परत येऊन पाहतो तर बाकावर अक्का ऐसपैस बसलेल्या.

"उठा वो अक्का! वाळायचंय अजून. लुगड्याचा ठसा उठंल."

"उठू दे की," अक्का म्हणाल्या. "मी उठले तर दुसरंच कुणीतरी येऊन बसेल."